'अडचण' नावाची अडचण

मागच्या सेमिस्टरला नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागली आणि तिच्यात माझं नाव होतं. सरांनी विचारलं, "प्रॅक्टिकलला का नव्हतीस?" म्हटलं, "बरं नव्हतं, सर." "दर महिन्याला बरं नसतं?" उत्तर होतं माझ्याकडे, पण सगळ्या बॅचसमोर तोंडातून निघेना! मी कॉन्व्हेंटची. इंग्रजीत 'पीरियड्स' सहज म्हणते. पण घरी आजही 'अडचण' म्हणतात. म्हणून ते उत्तर इथे मराठीत लिहितेय.

पाळीत दुखतं कशामुळे? गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात, त्यांचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि ओटीपोटात कळा येतात. हीच रसायनं आतड्यांवरही परिणाम करतात, म्हणून कुणाला उलट्या, कुणाला जुलाब. प्रत्येकीत त्यांचं प्रमाण वेगळं असतं. तेव्हा "मला नाही होत, मग हिलाच कसं होतं?" हा प्रश्नच चुकीचा आहे.

हे सगळं घेऊन सोमवारी सकाळी घरून, बदलापूरहून, लोकल पकडायची. उल्हासनगर जेमतेम दहा-पंधरा मिनिटांवर, पण लेडीज डब्यात दोन्ही पाय टेकले तर नशीब! मग दोन तास लेथसमोर उभं राहायचं. नाहीतर हॉस्टेलच्या कॉटवर पाय पोटाशी घेऊन पडायचं, मेसचं ताट तसंच, आणि रूममेट विचारते, "प्रॉक्सी मारू का?"

उपाय आहेत. गरम पाण्याच्या पिशवीने खरंच आराम पडतो. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड यांसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात. म्हणून कळा असह्य होईपर्यंत थांबू नये, सुरुवातीलाच घ्यावी, तीही काही खाऊन. अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. गोळीने अंगावर पुरळ किंवा ताप आला तर ती बंद करून लगेच दाखवावं. आणि दुखणं महिन्यागणिक वाढत असेल, पाळी संपल्यावरही राहत असेल, किंवा तासाला पॅड बदलावं लागत असेल, तर "लग्नानंतर थांबतं" असं ऐकून गप्प बसू नका. ते एंडोमेट्रिओसिससारखं दुखणं असू शकतं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

राहिला प्रश्न हजेरीचा. केरळात कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये विद्यार्थिनींना दर सेमिस्टरला हजेरीत २ टक्के सवलत दिली. म्हणजे ७५ ऐवजी ७३ पुरे. त्याच महिन्यात तिथल्या सरकारने ती राज्याच्या इतर विद्यापीठांनाही लागू केली. तेही आपल्यासारखे इंजिनीअरिंगवालेच!

आपल्याकडे नियम होईल तेव्हा होईल. तोवर हॉस्टेलच्या ऑफिसात एक गरम पाण्याची पिशवी, आणि बुडालेलं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करायची मुभा, एवढं तरी व्हावं.

आणि सर, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर: हो, दर महिन्याला.