सनद मोठी की अनुभव मोठा?

गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर दोन तरुण आमच्या दुकानी आले. दोघेही आजऱ्याचेच, एकमेकांचे चुलतभाऊ. थोरला बारावीनंतर शिक्षण सोडून पुण्याला एका ठेकेदाराकडे लागला आणि नऊ वर्षांत हजेरी लिहिणाऱ्यापासून साईट सुपरवायझरपर्यंत पोहोचला. धाकटा यंदाच इंजिनिअर झाला. थोरल्याने आखाती देशातील एका जागेसाठी अर्ज केला, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे सर्टिफिकेट आहे काय?" धाकट्याला एका क्लासवाल्याने सांगितले होते की सर्टिफिकेट घे, थेट मॅनेजर होशील. थोरल्याची अम्मी फीसाठी हातातल्या बांगड्या मोडायला निघाली होती. "चाचा, तुम्ही सांगा, काय करावे?"

हा प्रश्न या दोघांचाच नाही. आपल्या समाजात हुनर पुष्कळ आहे, कागद थोडा आहे. गवंडी, सुतार, वेल्डर, टेलर, फिटर यांची मुले कामात तरबेज असतात, पण कागद मागितला की मागे पडतात. म्हणून आम्ही जी चौकशी केली ती वाचक बंधूंपुढे ठेवीत आहोत.

प्रोजेक्ट म्हणजे काय?

नाव इंग्रजी असले तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. ज्या कामाला सुरुवात आहे, शेवट आहे, ठरलेली मुदत आणि ठरलेला खर्च आहे, ते काम म्हणजे प्रोजेक्ट. दुकान बाराही महिने चालते, तो प्रोजेक्ट नव्हे. परंतु जूनच्या मध्यास शाळा उघडण्यापूर्वी सहाशे मुलांचे गणवेश शिवून पोहोचवायचे, हा प्रोजेक्ट झाला. इचलकरंजीहून किती ताके उचलायचे, पन्हा कोणता घ्यायचा, कोणत्या टेलरकडे किती नग द्यायचे, एक कारागीर आजारी पडला तर दुसरा कोण, पैसे कधी लागतील आणि कधी येतील, हे सारे आधी ठरवावे लागते. हे ठरविणारा आणि निभावणारा तो मॅनेजर. आपले कित्येक कारागीर हे काम आयुष्यभर करीत आले; फक्त त्याला हे नाव आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही.

ही सनद मिळते कशी?

या क्षेत्रात सर्वांत जास्त विचारली जाणारी सनद अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेची आहे. संस्था १९६९ साली स्थापन झाली आणि 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल', थोडक्यात पीएमपी, ही तिची परीक्षा १९८४ पासून चालू आहे.

आता नीट लक्ष द्यावे. या परीक्षेला वाटेल त्याला बसता येत नाही. चार वर्षांची पदवी असेल तर ३६ महिने प्रत्यक्ष प्रोजेक्ट चालविल्याचा अनुभव लागतो. शालेय शिक्षणच झाले असेल तर ६० महिने. शिवाय ३५ तासांचे शिक्षण घ्यावे लागते. अर्जात प्रत्येक कामाचे वर्णन, मुदत आणि आपली जबाबदारी लिहून द्यावी लागते. काही अर्ज तपासणीसाठी काढले जातात आणि मग ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांची साक्ष मागितली जाते. सनद मिळाल्यावरही ती कायमची नसते. दर तीन वर्षांनी ६० गुणांइतके नवे शिक्षण व काम दाखवून ती चालू ठेवावी लागते.

म्हणजे ही सनद अनुभवाच्या जागी येत नाही, ती अनुभवावरच उभी राहते. अनुभव नसणाऱ्यांसाठी त्याच संस्थेची 'सीएपीएम' नावाची पहिल्या पायरीची परीक्षा आहे. तिला २३ तासांचे शिक्षण पुरते. या धंद्याची भाषा त्यातून कळते, पण त्या कागदावर कोणी इमारतीचे काम सोपवीत नाही. जो क्लासवाला नवख्या मुलाला "थेट मॅनेजर" म्हणतो, तो आपला माल खपवीत आहे. आणि जो "परीक्षेशिवाय सनद मिळवून देतो" म्हणतो, तो सरळ फसवीत आहे.

सनद हा शब्द आपल्या घरचाच आहे. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. तेथे आमचे उस्ताद सांगत की ज्याने शागिर्दाचे पठण स्वतःच्या कानांनी ऐकले, तोच त्याला इजाजत देऊ शकतो. त्या सनदेत उस्तादाचे नाव, त्याच्या उस्तादाचे नाव अशी साखळी असते. कागदाची किंमत अशी की काम पाहणारा एक जबाबदार माणूस त्याच्यामागे उभा आहे. साक्षीदार नसलेली सनद म्हणजे रिकामा कागद.

कोकण रेल्वेचा धडा

अनुभवाची ताकद पाहायची तर आंबोली घाट उतरून सावंतवाडीचे स्टेशन पाहावे. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरची कोकण रेल्वे सह्याद्रीच्या कुशीतून गेली. नव्वदहून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार लहानमोठे पूल बांधावे लागले. १९९० साली महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ च्या जानेवारीत संपूर्ण मार्ग खुला झाला. हे काम ज्यांच्या हाती दिले ते ई. श्रीधरन तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते.

त्यांच्या पाठीशी काय होते? इंजिनिअरिंगची पदवी होती, हे खरे. त्या पदवीनेच १९५४ साली रेल्वेचे दार उघडले. पण १९९० साली हे अवघड काम मिळाले ते पस्तीस वर्षांच्या कामगिरीवर. डिसेंबर १९६४ च्या वादळात रामेश्वरमकडे जाणारा पांबनचा रेल्वेपूल वाहून गेला, तेव्हा दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत ठरली होती. ती कमी करून तीन महिन्यांवर आणली गेली, आणि श्रीधरन यांनी ४६ दिवसांत पूल उभा केला. ही गोष्ट सरकारी दप्तरात नोंदलेली होती. पंचवीस वर्षांनी ती सांगायला त्यांना कोणाची मनधरणी करावी लागली नाही. पदवीने दार उघडले, कामाने खुर्ची दिली, आणि नोंदीने ते काम जिवंत ठेवले.

घनसाळचा सुवास आणि आमची चूक

आजऱ्याच्या बाजारात घनसाळ तांदूळ घेताना कोणी कागद मागत नाही. मूठभर तांदूळ नाकाशी नेला की गिऱ्हाईक समजते. तरीही २०१६ साली आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने तांदळाचा सुवास वाढला काय? मुळीच नाही. पण पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाने आजरा पाहिलेला नाही. त्याला हा आजऱ्याचाच माल आहे हे सांगणारे कोणीतरी हवे, आणि ते काम मानांकन करते.

माणसाचेही तसेच आहे. ओळखीच्या माणसाला आपला अनुभव पुरतो, अनोळखी माणसाला कागद लागतो. गावात आपल्या बापजाद्यांचे नाव चालते. दुबईत बसलेल्या अधिकाऱ्याला ना आजरा ठाऊक, ना आपले वालिद. जितके घरापासून दूर जावे तितकी कागदाची गरज वाढते.

हे आम्ही स्वतः ठेच खाऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी एका शिक्षण संस्थेने गणवेशाच्या कापडासाठी निविदा मागविल्या. कापड हातात घेऊन सुताचा दर्जा सांगण्यात आमचा हात धरणारे आसपास कोणी नव्हते. पण अट अशी की मागील तीन वर्षांत कोठे, किती माल पुरविला त्याचा पुरावा जोडावा. आम्ही माल पुष्कळ पुरविला होता, परंतु हिशोब डोक्यात आणि पावत्या कच्च्या. काम गेले ते शहरातल्या एका नव्या व्यापाऱ्याकडे. त्याचा अनुभव आमच्या निम्माही नव्हता, पण फाईल चोख होती. आम्ही पुष्कळ दिवस नाराज होतो. मग लक्षात आले, दोष संस्थेचा नाही, आमचा आहे.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, ही ताकीद सूरह बकराहच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. आम्ही ती कित्येकदा पढलो होतो, दुकानात मात्र आणली नव्हती.

कारागिरांनी काय करावे?

ज्यांना परदेशी परीक्षेशी कर्तव्य नाही त्यांनाही आपला हुनर कागदावर आणण्याची सोय आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी, टेलर, चांभार, कुलूपवाले अशा १८ व्यवसायांचा समावेश आहे. नोंदणी झालेल्या कारागिराला दाखला आणि ओळखपत्र मिळते. पाच ते सात दिवसांच्या प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, तसेच अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आहे. योजनेतील कर्जावर व्याज आहे. ते घ्यावे की न घ्यावे हे ज्याने त्याने आपल्या दीनाच्या समजुतीनुसार ठरवावे. पण दाखला, प्रशिक्षण आणि अवजारांचे साहाय्य यांवर व्याज नाही, तेव्हा कर्ज नको म्हणून सारी योजनाच सोडण्याचे कारण नाही.

त्याहून सोपी आणि फुकटची गोष्ट म्हणजे एक वही. प्रत्येक कामाला एक पान द्यावे. कामाचे ठिकाण, मालकाचे नाव, सुरुवातीची तारीख, कबूल केलेली तारीख, प्रत्यक्ष संपल्याची तारीख, ठरलेला खर्च व झालेला खर्च, हाताखालची माणसे, आलेली अडचण आणि तिच्यावर केलेला उपाय, एवढे लिहावे. काम संपले की मालकाची किंवा इंजिनिअरची सही घ्यावी. मालक खूश असतो तेव्हा सही एका मिनिटात मिळते, पाच वर्षांनी तोच माणूस सापडत नाही.

या वहीचा दुसराही फायदा आहे. दहा वर्षे काम केले म्हणजे दहा वर्षांचा अनुभव झाला असे नाही. कित्येकजण एकाच वर्षाचा अनुभव दहा वेळा घेतात. तीच चूक, तोच उशीर. चूक लिहिली की ती डोळ्यांपुढे राहते.

दोघांना आम्ही काय सांगितले

धाकट्याला सांगितले, क्लासचे पैसे तूर्त खिशात ठेव. चांगल्या उस्तादाच्या हाताखाली साईटवर जा, धूळ खा, पहिल्या दिवसापासून वही लिही. तीन वर्षांनी सनदेचा विचार कर. तेव्हा ती शोभेल.

थोरल्याला सांगितले, सनद तुझ्याच कामाची आहे, कारण तुझी नऊ वर्षे तिच्यामागे आहेत. पण त्यातली ६० महिन्यांची कामगिरी कागदावर आण. जुन्या इंजिनिअरांना भेट, अनुभवाचे दाखले घे. तोवर इंग्रजी वाचनाची सवय कर आणि फी पगारातून थोडी थोडी साठव. उशीर झाला तर होऊ दे. अम्मीच्या बांगड्या अम्मीच्या हातातच राहू देत.

गेल्या आठवड्यात तो पुन्हा आला. हातात नवी वही होती. नऊ वर्षांतली अकरा कामे त्याने आठवून लिहिली होती, त्यांतील चार कामांवर सह्याही आणल्या होत्या. बाकीच्या सात जागा मोकळ्या आहेत, आणि त्यांच्यामागे तो फिरत आहे.

अल्लाह आपल्या मुलांच्या हुनरात बरकत देवो आणि तो लिहून ठेवण्याची समज आपणा सर्वांना देवो. आमीन.