मिनी मोटारीचा गिअरबॉक्स

उसाने भरलेली बैलगाडी चढावर आली, की शहाणा गाडीवान काय करतो? तो बैलांना पळवत नाही. गाडी दमादमाने वर काढतो. वाट सपाट झाली, की बैल आपोआप पाय उचलतात.

मोटारीचेही तसेच आहे. फरक एवढाच, की इंजिन बैलासारखे आपल्या मनाने चाल बदलत नाही. ते भराभर फिरले तरच त्याला जोर येतो. चढावर इंजिन भराभर फिरायला हवे, पण चाक सावकाश फिरायला हवे. हे जुळवायचे कसे? त्यासाठी गाडीत दातेरी चाकांची एक पेटी असते. तिला गिअरबॉक्स म्हणतात.

समजा, एका लहान चाकाला १२ दाते आहेत. ते ३६ दात्यांच्या मोठ्या चाकात अडकवले आहे. लहान चाक तीन वेळा फिरेल, तेव्हा मोठे चाक एकदा फिरेल. मोठ्या चाकाची चाल तिसऱ्या हिश्शावर आली, पण जोर जवळजवळ तिप्पट झाला. चाल आणि जोर दोन्ही एकदम वाढत नाहीत. एक द्यावे, तेव्हा दुसरे मिळते. गिअरबॉक्सचे सगळे गणित एवढेच आहे.

दहा फुटांची गाडी

आता एका विलायती गाडीची गोष्ट ऐका. तिचे नाव मिनी. ती १९५९ साली इंग्लंडमध्ये निघाली. अ‍ॅलेक इसिगोनिस नावाच्या माणसाने तिचा नकाशा आखला होता. गाडी जेमतेम दहा फूट लांब. चाके १० इंची. पण आत चार माणसे बसत. ही जुनी मिनी २००० सालापर्यंत तयार होत होती. तेवढ्या काळात ५३ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या.

एवढीशी गाडी, पण मोठी चिवट. मोंटे कार्लो रॅली ही युरोपातली फार नावाजलेली मोटार-स्पर्धा. १९६४ साली पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन या जोडीने मिनी कूपर एस गाडीतून ती जिंकली. तिचे इंजिन १०७१ सीसीचे होते. तिच्याहून चौपट मोठ्या इंजिनाच्या गाड्या त्या स्पर्धेत मागे पडल्या. पुढे १९६५ आणि १९६७ सालीही मिनीच पहिली आली.

तेव्हापासून हौशी लोकांचे या गाडीवर प्रेम जडले. आजही इंग्लंड आणि वेल्समध्ये लहान लहान मोटार क्लब रॅली भरवतात. पुष्कळ रॅली रात्री असतात. एक जण गाडी चालवतो, दुसरा मांडीवर नकाशा ठेवून वाट सांगतो. रहदारीच्या रस्त्यावर नियम पाळून ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी पोचायचे असते. वेगाची परीक्षा बंद केलेल्या जंगलवाटांवर होते. भाग घेणारे कोणी सुतार असतात, कोणी कारकून, कोणी शिकणारी मुले. त्यांच्यापाशी पैसा बेताचाच. गिअरबॉक्स बिघडला, की पुष्कळ जण तो घराशेजारच्या शेडमध्ये स्वतःच उघडतात.

एकच विहीर, दोन घरे

बहुतेक मोटारींत इंजिनाचे तेल वेगळे आणि गिअरबॉक्सचे वेगळे. मिनीत तसे नाही. जागा वाचवावी म्हणून इसिगोनिसने इंजिन आडवे ठेवले आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली बसवला. दोघांना तेल एकच, सुमारे पाच लिटर. जणू दोन घरांना एकच विहीर.

अशा विहिरीत एका घराने घाण टाकली, तर पाणी दोघांचेही नासते. इथेही तोच प्रकार. गिअरबॉक्समधले पोलाद झिजले, की त्याचा कीस तेलात उतरतो. तेच तेल पंप इंजिनात चढवतो. तेलाला गाळणी आहे खरी. पण अगदी बारीक कीस तिच्यातून निसटतो. गाळणी तुंबली, तर तेल तिला वळसा घालून पुढे जाते. मग इंजिनाची बेअरिंगे खरवडली जातात. म्हणजे गिअरचा लहानसा बिघाड महिनाभर अंगावर काढला, तर इंजिनही हातचे जाते. म्हणून मिनीवाला गिअरच्या आवाजाकडे काणाडोळा करीत नाही.

आधी कान द्या

जाणता माणूस पेटी उघडण्याआधी गाडी चालवून पाहतो आणि कान देतो.

पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरला घरघर येते आणि चौथ्याला थांबते, असे झाले तर दोष बहुधा खालच्या गिअरजुडीत असतो. चौथ्या गिअरला जोर त्या जुडीतून जात नाही, सरळ जातो. म्हणून आवाज थांबतो. गिअर टाकताना दाते करकरले, तर दोन चाकांची चाल जुळवणारी कडी झिजलेली असते. टाकलेला गिअर आपोआप निसटत असेल, तर त्याला धरून ठेवणारा भाग सैल झालेला असतो.

मग तेल काढतात. तेल काढण्याच्या बुचाला आतून लोहचुंबक असते. त्यावर काळसर, मऊ राड दिसली तर फारसे भय नाही. रोजच्या झिजेने तेवढे व्हायचेच. पण नखाएवढे तुकडे दिसले, तर दाता तुटला आहे असे समजावे. मग गाडी पुढे चालवू नये.

पेटी उघडणे

मिनीचा गिअरबॉक्स एकटा निघत नाही. इंजिनासकट बाहेर काढावा लागतो. हे ओझे भारी असते. त्याला चेनपुली लागते आणि ती टांगायला मजबूत तुळई लागते. गाडीखाली जायचे तर नुसत्या जॅकवर विसंबू नये. विटांवर तर मुळीच नाही. लोखंडी घोडे लावावेत. गिअरबॉक्स पुन्हा मिळेल, माणूस पुन्हा मिळत नाही.

इंजिन वेगळे केले, की पेटी बाकावर येते. ती रॉकेलने धुतात. बाकावर स्वच्छ कापड पसरतात. शेजारी डबे मांडतात. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: 'पुढच्या झाकणाचे बोल्ट', 'दुसऱ्या गिअरची कडी', 'खालच्या दांड्याचे वॉशर'. भाग ज्या क्रमाने निघाला तो क्रम वहीत लिहितात. कोणी म्हणेल, "एवढं लिहायचं कशाला? लक्षात राहतं की!" नाही राहत. पेटी शनिवारी उघडली जाते. नवे भाग यायला पंधरा दिवस लागतात. तोवर कोणते वॉशर कोणत्या बाजूचे, हे भल्याभल्यांना आठवत नाही.

आत दोन मोठे नट फार घट्ट असतात. ते सोडू लागले, की दांडाच फिरतो. इथे एक युक्ती आहे. हाताने दोन गिअर एकदम अडकवायचे. एक गिअर म्हणतो एका चालीने फिर, दुसरा म्हणतो दुसऱ्या चालीने. दोन्ही चाली एका दांड्याला साधत नाहीत. दांडा जागच्या जागी अडकतो आणि नट सुटतो. चालत्या गाडीत असे दोन गिअर एकदम पडू नयेत म्हणून पेटीत अडसर ठेवलेला असतो. यावरूनच कळते, की चालत्या गाडीत तसे झाले तर काय अनर्थ होईल.

आणखी एक जपण्याची गोष्ट. चाल जुळवणाऱ्या भागात बारीक स्प्रिंगा आणि छोट्या पोलादी गोळ्या दाबून बसवलेल्या असतात. तो भाग उघडला, की गोळ्या टुणकन उडतात आणि शेडच्या कानाकोपऱ्यात जातात. म्हणून तो भाग फडक्यात गुंडाळून उघडावा.

बैलगाडीचा आस आणि मोटारीचा आस

आता खालच्या गिअरजुडीकडे पाहू. मिनीचे दुखणे पुष्कळदा तिथेच सापडते.

बैलगाडीचा आस फिरत नाही, त्यावर चाक फिरते. मिनीतही खाली असा एक न फिरणारा पोलादी दांडा आहे. त्याला लेशाफ्ट म्हणतात. त्यावर लहान-मोठी दातेरी चाके असलेली अखंड जुडी फिरते. मध्ये सुईसारखे बारीक रोलर असतात. रात्रंदिवस जोर सोसून या दांड्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. बोटाचे नख दांड्यावरून हळू फिरवावे. नख कुठे अडले, तर दांडा टाकून द्यावा. तो घासून-पुसून पुन्हा घालणे ही फसवी काटकसर आहे. नव्या दांड्याबरोबर रोलरही नवे घालावेत.

बैलगाडीचे चाक सरकून पडू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ असते. पण ती चाकाला अगदी चिकटवून घालत नाहीत. चिकटली तर चाक जाम होते. फार सैल राहिली तर चाक डुगडुगते आणि आस झिजतो. मिनीत खिळीचे काम वॉशर करतात. गिअरचे दाते तिरपे कापलेले असतात. तिरप्या दात्यांचा आवाज कमी होतो, पण ते गिअरला बाजूला ढकलतात. तो रेटा हे वॉशर सोसतात.

जुडी आणि वॉशर यांच्यात किती फट ठेवावी? ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर. वहीच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे फट कागदाएवढी! डोळ्याला ती कळत नाही. त्यासाठी फिलर गेज वापरतात. त्यात पातळ पोलादी पात्या असतात आणि प्रत्येकीवर जाडी लिहिलेली असते. जी पाती थोडी अडत आत जाते, ती फटीचे माप सांगते. फट जास्त असली तर जाड वॉशर घालायचा, कमी असली तर पातळ. दुकानात ते वेगवेगळ्या जाडीचे मिळतात.

इंजिनाचा जोर खाली पेटीत आणणारे मधले चाक असते. त्याची फट वेगळी, ०.१० ते ०.१८ मिलिमीटर. ही मापे अंदाजाने घ्यायची नसतात. ती दुरुस्तीच्या पुस्तकात छापलेली असतात. पुस्तक बाकावर उघडे ठेवूनच काम करायचे. घरी गिअरबॉक्स जुळवणे हे ताकदीपेक्षा मापाचे काम आहे.

रॅलीच्या गाडीला आणखी काय लागते?

रोजच्या गाडीहून रॅलीच्या गाडीचे हाल जास्त. पहिल्या गिअरला इंजिनाचे तेरा-चौदा फेरे झाले, की चाकाचा एक फेरा होतो. चौथ्याला पावणेचार फेऱ्यांत एक. चिखलात चाक गरकन फिरते आणि एकदम दगडावर पकड घेते. तो हिसका दात्यांवर बसतो.

पुढची दोन चाके वळणावर वेगवेगळ्या चालीने फिरावीत म्हणून डिफरन्शियल असते. त्यात एका पिनेवर दोन लहान गिअर बसवलेले असतात. एकच चाक चिखलात फार वेळ गरगरले, की ही पिन तापते, खरवडते, कधी मोडते. म्हणून रॅलीवाले तिथे फुलीच्या आकाराची पिन आणि चार गिअर बसवतात. ओझे चौघांत वाटले जाते. पेटीच्या तळाला दगड लागू नये म्हणून खाली जाड पत्रा लावतात. तळ फुटला तर तेल जाते, आणि इथे तेल गेले म्हणजे दोन्ही घरांचे गेले.

पुन्हा जुळवणी

जुळवताना उलट्या क्रमाने जायचे. वही इथे कामाला येते. प्रत्येक भाग तेल लावून बसवावा. ऑइल सील, पॅकिंग आणि नट अडकवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या नव्याच घालाव्यात. मोठे नट १५० पौंड-फूट इतके आवळतात. म्हणजे तीन फूट लांब दांड्याच्या टोकाला सुमारे २३ किलोचा भार दिल्याइतका जोर. हा जोर दाखवणारा पाना मिळतो, त्याला टॉर्क पाना म्हणतात. "हाताला अंदाज आहे," असे म्हणून चालत नाही. कमी आवळला तर नट सुटतो, जास्त आवळला तर आटे जातात.

झाकण लावण्याआधी प्रत्येक गिअर टाकून दांडा हाताने फिरवून पाहावा. चारही पुढचे गिअर आणि एक मागचा. कुठे अडले तर जोर करू नये. अडले म्हणजे काही तरी चुकीचे बसले आहे. बाकावर ते काढायला एक तास लागतो. इंजिन बसवल्यावर तेच काढायला दोन दिवस जातात.

गाडी सुरू झाली तरी लगेच रॅलीत नेऊ नये. आधी काही दिवस बेताने चालवावी. मग तेल पुन्हा काढावे आणि बुचाचे लोहचुंबक पाहावे. नुसती मऊ राड दिसली, तर काम जमले. तुकडे दिसले, तर पेटी पुन्हा उघडावी. नवे तेल घालून दोष झाकू नये.

तुमच्या गावात मिनी नसेल, पण ट्रॅक्टर असेल, जीप असेल. त्यांच्या गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते, म्हणून इंजिनाला त्याची बाधा होत नाही. पण दाते, बेअरिंग आणि फट यांचा नियम तोच. पुढच्या खेपेला मिस्त्री ट्रॅक्टरचे गिअर-तेल बदलेल, तेव्हा जवळ उभे राहा. निघालेले तेल घमेल्यात घ्या. दोन बोटांत चोळून पाहा. कचकच लागते का? उन्हात धरा. चमचम दिसते का? दिसली, तर नांगरणीचे दिवस येण्याआधीच पेटी उघडून घ्या.