जुन्या मोटारीला विजेचे बळ. निर्णायक ठरते ते वय

जुन्या मोटारीचे इंजिन काढून विद्युत संच बसवावा आणि तिनेच रोज कार्यालय गाठावे, ही कल्पना मोहक आहे. मात्र येथे तंत्रापेक्षा मोटारीचे वय निर्णायक ठरते.

पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र 'विंटेज' नोंदणी सुरू केली. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. परंतु अशी मोटार मूळ स्वरूपातच असावी लागते. इंजिनातील फेरबदल चालत नाही. शिवाय प्रदर्शन, रॅली, इंधन वा देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. नित्याचा प्रवास त्यात बसत नाही.

दुसरीकडे, विद्युत संचाला मुभा देणाऱ्या २०१६ च्या अधिसूचनेत वाहन १ जानेवारी १९९० रोजी किंवा त्यानंतर तयार झालेले असावे, अशी अट आहे. त्यामुळे १९८० ची प्रीमियर पद्मिनी दोन्हींकडून वगळली जाते. अॅम्बेसेडरचे उत्पादन मात्र २०१४ पर्यंत सुरू होते. तिच्या नंतरच्या गाड्यांना ही वाट मोकळी आहे.

संच मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने प्रमाणित केलेला हवा आणि नोंदणी प्रमाणपत्रावरील इंधनाची नोंदही परिवहन कार्यालयातून बदलून घ्यावी लागते. बॅटऱ्यांच्या वजनाने गाडीचा तोल बदलतो, म्हणून जुन्या ड्रम ब्रेकची तपासणी आधीच करून घेणे श्रेयस्कर.