मासे सगळ्यात शेवटी घ्या: धार-देवासच्या पाण्यात दहा हजारांत हिरवंगार मत्स्यालय

देवासला पूर्वी एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं नांदली. आता घरोघरी दोन पाणी नांदतात, नळाचं आणि बोअरिंगचं. तलावांचं गाव म्हणवणाऱ्या धारमध्येही तीच गत. घरात झाडांचं मत्स्यालय मांडायचं असेल तर पहिला प्रश्न पैशाचा नाही, या दोनांपैकी टाकीत कोणतं पाणी घालणार, हा आहे.

आमच्या घरी हा धडा महागात मिळाला. मुलांच्या हट्टाखातर टाकी, रंगीत खडे आणि बारा मासे एकाच संध्याकाळी आणले. आठवड्यात दहा मासे गेले. धाकटीने दोन दिवस टाकीकडे पाहिलं नाही. चूक माशांची नव्हती, आमच्या क्रमाची होती.

आधी पाणी ओळखा

माळव्याच्या काळ्या खडकातून येणारं बोअरिंगचं पाणी बहुधा जड असतं. बादलीला पांढरा थर धरतो का, साबणाला फेस कमी येतो का, बघा. तसं असेल तर नाजूक निऑन टेट्राच्या नादी लागू नका. गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे जड पाण्यात खुशाल राहतात. झाडांमध्ये व्हॅलिसनेरिया, अनुबियास, जावा फर्न आणि जावा मॉस ही चिवट मंडळी आहेत.

पाणी फारच जड असेल तर अर्धं आरओचं, अर्धं साधं असं मिसळा. नुसतं आरओचं पाणी चालत नाही, त्यात झाडा-माशांना लागणारे क्षार उरत नाहीत. आणि आरओ मशीनच्या नळीतून वाया जाणारं पाणी टाकीत कधीच घालू नका, ते मूळ पाण्यापेक्षाही जड असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, त्यासाठी क्लोरीन काढायचं औषध वापरा.

दहा हजारांची वाटणी

दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी नवख्याला बरी. तिच्यात साधारण 60 लिटर पाणी बसतं. फार लहान टाकीत पाणी लवकर बिघडतं. हिशोब असा धरा:

- टाकी आणि स्टँड: 4,000 रुपये
- एलईडी दिवा: 1,500
- फिल्टर: 1,000
- हीटर आणि थर्मामीटर: 700
- वाळू, माती, दगड: 600
- झाडं: 1,000
- क्लोरीनचं औषध आणि पाणी तपासायचा संच: 600
- मासे: 600

भाव दुकानागणिक आणि इंदूरच्या बाजारात वेगळे निघतील, पण वाटणी हीच ठेवा. माशांचा वाटा सगळ्यात लहान गटात आहे, हे मुद्दाम. कार्बन डायऑक्साईडचं सिलिंडर पहिल्या वर्षी लागत नाही. वर सांगितलेली झाडं त्याशिवाय वाढतात.

भरलेली टाकी 75-80 किलोंपर्यंत जाते. टीव्हीच्या हलक्या टेबलावर ती ठेवू नका. खिडकीच्या उन्हातही नको, शेवाळ माजतं.

दगड-माती निवडून घ्या

शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून उचलून आणू नका. तिच्यात चुनखडीचे खडे, खतं आणि फवारणीचे अंश असू शकतात, आणि पाणी गढूळ होतं ते वेगळंच. चाळून, पाणी निवळ येईपर्यंत धुतलेली नदीची वाळू चालते. मुळांसाठी तिच्यात खताच्या गोळ्या खोचा.

दगडावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, पाणी अजून जड होईल. काळा बेसॉल्ट सुरक्षित. धार जिल्ह्यात बागच्या बाजूला चुनखडक आहे, त्यातच जीवाश्म सापडतात. तिथले दगड टाकीसाठी आणूच नका, जीवाश्मांची जागा तिथेच.

चार ते सहा आठवड्यांचा धीर

माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एक जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. नायट्रेट तुलनेने निरुपद्रवी, आणि झाडं ते खातात. हे जीवाणू फिल्टरमध्ये आणि वाळूत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. आमचे मासे गेले ते या वस्तीआधी टाकीत सोडल्यामुळे.

म्हणून पहिल्या दिवशी पाणी आणि झाडं, रोज सहा ते आठ तास दिवा, आणि चिमूटभर माशांचं खाद्य, जीवाणूंसाठी. संचावर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की सहा नर गप्पी सोडा. नर-माद्या एकत्र आणल्या तर दोन महिन्यांत टाकी भरून जाईल! आणखी दोन आठवड्यांनी सहा झेब्रा डॅनिओ. बस्स, एवढेच.

दरमहा काय लागतं

20 वॉटचा दिवा सात तास आणि 8 वॉटचा फिल्टर चोवीस तास, म्हणजे महिन्याला साधारण 10 युनिट. डिसेंबर-जानेवारीत हीटरचे वेगळे. मे महिन्यात उलट अडचण. पाणी 30 अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी होतो. झाकण उघडून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या.

आठवड्याला बादलीभर, म्हणजे 15 लिटर पाणी बदलायचं. ज्या देवासला एकेकाळी रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे बादलीचाही हिशोब हवा. काढलेलं पाणी मोरीत ओतू नका, तुळशीला आणि कुंड्यांना घाला. ते खतच आहे.

शेवटची गोष्ट. हौस फिटली म्हणून मासे मीठा तालाबात किंवा मुंज तालाबात सोडू नका. टाकीतून सुटलेले सकरमाउथ मासे आज गंगेतही सापडतात. नको असतील तर दुसऱ्या हौशी घरी द्या. आणि अजून टाकी घेतली नसेल, तर आज फक्त एक काम करा: घरच्या दोन्ही पाण्यांचा एकेक ग्लास भरा आणि तपासून घ्या.