चिलखत टाकणारे मासे

अलास्कातल्या लोबर्ग तळ्यात १९८२ साली विष टाकून सगळे मासे मारण्यात आले. गळ टाकून मासेमारी करणाऱ्या हौशी लोकांसाठी तिथे दुसरे मासे वाढवायचे होते. पुढे समुद्रातले स्टिकलबॅक मासे आपणहून त्या तळ्यात शिरले. १९९० मध्ये ते जीवशास्त्रज्ञ मायकेल बेल यांच्या हाती लागले आणि बेल वर्षानुवर्षं तिथले नमुने घेत राहिले.

हा मासा जेमतेम बोटाएवढा. समुद्रात राहणाऱ्या स्टिकलबॅकच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत हाडाच्या तीसेक पट्ट्या असतात. अलिझरिन या रंगाने रंगवल्या की त्या लालभडक होतात आणि भिंगाखाली एकेक मोजता येते. १९९० मध्ये लोबर्गमधले ९६ टक्के मासे असे पूर्ण चिलखताचे होते. २००१ पर्यंत उरले ११ टक्के! बाकीच्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर पुढच्या मोजक्याच पट्ट्या होत्या.

हिमयुगानंतर तयार झालेल्या असंख्य तळ्यांमध्ये या माशांनी नेमकं हेच केलं आहे. मग प्रत्येक तळ्यात नवं उत्परिवर्तन घडलं का? नाही. डेव्हिड किंग्जली यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं, की एडा या जनुकाचं कमी पट्ट्यांचं रूप फार जुनं आहे आणि समुद्रातल्या थोड्या माशांमध्ये ते आधीपासूनच असतं. एकच प्रत असली तर मासा बहुधा चिलखतीच दिसतो, त्यामुळे ते लपून टिकतं. गोड्या पाण्यात आल्यावर नैसर्गिक निवड तेच रूप वर आणते.

बेल यांनी २००९ मध्ये चेनी आणि २०११ मध्ये स्काउट तळ्यात समुद्री मासे मुद्दाम सोडले. त्यांच्या जनुकांमधले बदल बऱ्याच अंशी तिथेच झाले, जिथे जुन्या तळ्यांतल्या माशांमध्ये झाले होते. उत्क्रांतीचं भाकीत करता येतं ते जनुकांच्या जुन्या रूपांच्या या साठ्याच्या जोरावर, हे मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

पोटाखालच्या काट्यांची गोष्ट वेगळी. काही तळ्यांत तेही नाहीसे झाले, पण त्यासाठी तयार साठा नव्हता. पिटएक्स१ जनुकाला चालू करणारा डीएनएचा तुकडा वेगवेगळ्या तळ्यांत वेगवेगळ्या प्रकारे तुटून गेला. तो भाग मुळातच तुटायला सोपा आहे, हे २०१९ मध्ये दिसून आलं. तरीही एखाद्या नव्या तळ्यात तो केव्हा आणि नेमका कुठे तुटेल, हे आज कोणालाही सांगता येत नाही.