ती टेकडी नव्हतीच

सार्डिनिया बेटाच्या दक्षिण भागात बारूमिनी नावाचं बाराशेएक वस्तीचं गाव आहे. गावापासून पश्चिमेला किलोमीटरभर अंतरावर, तुइलीच्या रस्त्यालगत, १९५० च्या सुमारापर्यंत एक टेकाड होतं. माती, गवत आणि मधूनमधून डोकं वर काढणारे काळे धोंडे. आपल्याकडे असतं तर गावानं त्यावर एखादा म्हसोबा बसवला असता आणि विषय तिथंच संपला असता. पण बारूमिनीत १९१४ साली जोव्हान्नी लिल्लिउ जन्माला आले. हे टेकाड डोळ्यांसमोर ठेवूनच वाढलेला हा मुलगा पुढे रोममध्ये शिकून पुरातत्त्वज्ञ झाला, आणि १९५० च्या दशकात त्यानं आपल्याच गावचं टेकाड खणायला घेतलं. काही वर्षांत माती उतरली. आत निघाला साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा बुरूज, त्याला चहूबाजूंनी चिकटलेले आणखी चार बुरूज, त्यांच्याभोवती बाहेरची तटबंदी आणि तिच्या पायाशी गोल घरांची दाटी.

या जागेला ‘सू नुराझी’ म्हणतात. ‘नुराझी’ म्हणजे असला दगडी बुरूज, आणि ‘सू’ म्हणजे ‘तो’. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९९७ साली जे नाव नोंदलं गेलं, त्याचा सरळ अर्थ एवढाच: तो बुरूज. जणू जगात दुसरा नाहीच. प्रत्यक्षात बेटावर असे सुमारे सात हजार बुरूज आहेत. इटालियनमध्ये त्यांना नुरागे म्हणतात. बेटाचं क्षेत्रफळ चोवीस हजार चौरस किलोमीटर. म्हणजे दर साडेतीन चौरस किलोमीटरमागे एक! आपल्या सह्याद्रीत दोन किल्ल्यांमध्ये निदान एखादं खोरं तरी असतं. इथं एका नुरागेवर उभं राहिलं की दुसरा दिसतो, बऱ्याचदा तिसराही.

बारूमिनीभोवतालच्या या मुलखाचं नाव मार्मिल्ला. स्तनासारख्या गोल टेकड्यांवरून ते पडलं असं म्हणतात. समुद्रकिनाऱ्यासाठी सार्डिनियाला येणारी गर्दी इथवर फारशी पोचत नाही. राजधानी काल्यारीहून साठेक किलोमीटर उत्तरेला आलं की गव्हाची शेतं, ऑलिव्ह, मेंढ्या आणि एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरवरची बसकी गावं लागतात. बारादिली हे त्यातलं गाव तर लोकसंख्येनं बेटावरची सर्वांत लहान नगरपालिका आहे. शंभर माणसंही नाहीत, पण महापौर आहे.

सू नुराझी बांधला आहे काळ्या बेसॉल्टनं, म्हणजे आपल्याच काळ्या कातळानं. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. मधला बुरूज मुळात अठरा मीटरांहून उंच होता, आज चौदा मीटर उरला आहे. आत एकावर एक तीन खोल्या होत्या, आणि भिंतीच्या जाडीतूनच वळत वर जाणारा जिना. छत घालायची रीत अशी की दगडाचा प्रत्येक गोल थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवायचा, सरकवत सरकवत वर तोंड मिटायचं. आपल्या हेमाडपंती देवळांच्या छतात हीच युक्ती आहे, पण ती देवळं याच्यापेक्षा अडीच हजार वर्षांनी धाकटी. शिवाय देवळाचा दगड घडीव. इथला निम्माअर्धा ओबडधोबड, पायाला तर अजस्र धोंडेच.

मधल्या बुरुजाभोवती चार बुरुजांचा कोट आला तो नंतर, इसवीसनपूर्व चौदाव्या-तेराव्या शतकाच्या आसपास. चारांच्या मध्ये अरुंद चौक आणि चौकात वीस मीटर खोल विहीर. पुढे केव्हातरी या कोटाला बाहेरून आणखी तीनेक मीटर जाडीचं कवच चढवलं. तेव्हा जमिनीवरचा दरवाजा बुजला आणि नवा दरवाजा सात मीटर उंचीवर काढला. दोर किंवा शिडी लावल्याशिवाय आत जाणं अशक्य. आज तिथं पर्यटकांसाठी जिना आहे. वर चढायचं आणि अंगाला दोन्हीकडून घासणाऱ्या दगडी बोळातून पुन्हा चौकात उतरायचं. स्थूल माणसानं आधी विचार करावा.

हे सगळं कशासाठी? भांडणाचा मुद्दा हाच आहे. किल्ला म्हणावा तर सात हजार किल्ल्यांत बसायला सैन्य कुठून आणणार? देऊळ म्हणावं तर जंग्या आणि तिहेरी तट कशाला? कोणी म्हणतात कुळाच्या मुख्याचं घर, कोणी म्हणतात धान्य, गुरं आणि वाटा यांवर नजर ठेवायची चौकी. मला वाटतं, एकच उत्तर मागण्यातच चूक आहे. आपला गावगाड्यातला वाडा तरी काय होता? राहतं घर, कोठार, कचेरी आणि प्रसंगी गढी. लिहून ठेवणारं कोणी नव्हतं. बुरूज बांधणाऱ्या या लोकांची लिपी सापडलेली नाही, राजाचं नाव नाही, लढाईची तारीख नाही. सापडतात ती भांडी, हत्यारं, ब्राँझच्या वीतभर मूर्ती आणि बुरुजाच्या छोट्या दगडी प्रतिकृती. स्वतःच्या बुरुजाची प्रतिकृती करून ठेवणाऱ्यांना तो नुसता उपयोगाचा वाटत नसणार, एवढं नक्की.

दगड कुठून आणला हे मात्र मान वर केली की दिसतं. उत्तरेला क्षितिज सुरीनं कापल्यासारखं सपाट आहे. ते जारा दी जेस्तुरी, साडेपाचशे मीटर उंचीचं आणि चाळीसहून अधिक चौरस किलोमीटरचं पठार. सुमारे सत्तावीस लाख वर्षांपूर्वी लाव्हा मऊ चुनखडी मातीवर पसरला आणि थिजला. भोवतालची माती पावसापाण्यानं झिजत गेली, लाव्ह्याच्या झाकणाखालची टिकली. आपल्या दख्खनच्या साडेसहा कोटी वर्षांच्या कातळापुढे हे बाळच, पण कडा, सपाट माथा आणि पायथ्याशी गावं हे चित्र सातारकराला समजावून सांगावं लागणार नाही.

वर गेल्यावर मात्र सातारकर गोंधळेल. भूमध्य समुद्रावरचं ऋतुचक्र आपल्याच्या उलट आहे. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठक्क. पठारावर खोलगट जागी हिवाळ्यात पाणी साचतं, त्या उथळ तळ्यांना ‘पाउली’ म्हणतात. वसंतात पाण्यावर पांढऱ्या फुलांची साय धरते. कासच्या पठारावर भाद्रपदात जे घडतं ते इथं मार्च-एप्रिलमध्ये. जूननंतर सगळं पिवळं, पाउलीच्या तळाला भेगा. भोवती बुचाच्या ओकांची झाडी, वायव्येच्या मिस्त्राल वाऱ्यानं एकाच बाजूला झुकवलेली. साल दहाएक वर्षांतून एकदा काढतात. नुकतं सोललेलं खोड तांबडंलाल दिसतं आणि अनोळखी माणूस दचकतो.

या झाडीत पाचशे-सहाशे घोडी मोकळी फिरतात. खांद्यापाशी उंची सव्वा मीटर, रंग गडद, डोळे बदामी. जुन्या काळी फिनिशियन व्यापाऱ्यांनी त्यांचे पूर्वज बेटावर आणले असावेत असा एक तर्क आहे. पत्रकं त्यांना ‘रानटी घोडे’ म्हणून खपवतात, ते तितकंसं खरं नाही. पायथ्याच्या गावांतले शेतकरी ही घोडी खाली आणून खळ्यावर मळणीला जुंपायचे. यंत्रं आली आणि त्यांचं काम संपलं. म्हणजे ही बेकार झालेली घोडी आहेत, आणि मला ती त्यामुळे अधिक जवळची वाटतात.

पठाराच्या कडेनंही नुरागे आहेत. त्यातला जेस्तुरीजवळचा ब्रुंकू मादुगी हा फार जुन्या घडणीचा, म्हणजे पोकळ बुरूज बांधायची विद्या पुरती साधण्याआधीचा. तो पाहून खाली सू नुराझीत गेलं तर कारागिरीचा प्रवास पायांनी मोजता येतो. पश्चिमेला मोंते आर्ची दिसतो. तिथली काळी ज्वालामुखी काच नवाश्मयुगात पात्या करायला समुद्रापार कॉर्सिका, दक्षिण फ्रान्स, उत्तर इटलीपर्यंत जात होती. त्याच डोंगराच्या कुशीतल्या आलेस गावी १८९१ साली मार्क्सवादी विचारवंत अंतोनियो ग्रामशी जन्मला. आपल्याकडे त्याचं नाव घेणारे पुष्कळ, पण तो मेंढपाळांच्या बेटावरचा होता हे लक्षात ठेवणारे थोडे.

आता पुन्हा लिल्लिउंकडे. ते २०१२ साली वारले तोवर सार्डिनियाच्या इतिहासाचं जणू कुलगुरुपद त्यांच्याकडे होतं. त्यांचा एक प्रसिद्ध सिद्धांत होता. बेटावर कार्थेजचे आले, रोमन आले, बायझंटाईन, पिसाचे, आरागॉनचे, पीडमाँटचे आले, पण सार्ड माणसाचा प्रतिकार कधीच थांबला नाही, तो या इतिहासातला अखंड धागा आहे. स्वतःचं टेकाड खणून असा बुरूज निघालेल्या माणसाला असं वाटणं स्वाभाविक आहे. पण मार्मिल्लाचे दगड मला थोडं वेगळं सांगतात.

बारूमिनी गावातच कासा झापाता नावाचा वाडा आहे. झापाता हे स्पेनकडून आलेलं सरदार घराणं, सोळाव्या शतकात त्यांना इथली जहागिरी मिळाली. वाडा पुढे संग्रहालयासाठी दुरुस्त करताना, १९९० मध्ये, जमिनीखाली काय निघावं? नुरागे. जहागीरदारानं आपलं बिऱ्हाड थेट बुरुजाच्या डोक्यावर थाटलं होतं. आज वाड्याची जमीन ठिकठिकाणी काचेची केली आहे. पायाखाली ब्राँझयुग, भिंतीला रेनेसाँसची चौकट. हा प्रतिकार म्हणावा का? मला ही तडजोड दिसते, शिवाय कंजूषपणाही. इतका चांगला पाया आयता मिळतोय तर सोडा कशाला!

लास प्लास्सास गावच्या सुळक्यावर बाराव्या शतकातल्या सरहद्दीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत, चित्रात शोभतील असे. त्यांसाठी चढायचं की नाही हे गुडघ्यांना विचारावं. तुइलीच्या सान प्येत्रो चर्चमधला १५०० सालचा रंगवलेला वेदीपट मात्र चुकवू नये. चित्रकाराचं नाव हरवलं आहे, त्याला नुसतं ‘कास्तेलसार्दोचा उस्ताद’ म्हणतात.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमारास, तुर्री गावच्या शेतांत केशर फुलतं. फूल उमलायच्या आत पहाटे खुडायचं, घरी टेबलाभोवती बसून तीन तांबडे तंतू वेगळे करायचे. एक ग्रॅम केशराला दीडशेवर फुलं लागतात. वाळवण्याआधी तंतूंना ऑलिव्ह तेलाचा हात लावतात, ही इथली खास रीत. हे केशर मालोरेद्दूस या छोट्या शिंपल्यांसारख्या पास्त्यात जातं. या शब्दाचा अर्थ ‘वासरं’. तरुण मुलं काल्यारीला, मिलानला, जर्मनीला गेली. खुडायला वाकणाऱ्या पाठी बहुतेक म्हाताऱ्यांच्या असतात.

दक्षिणेला व्हिल्लानोव्हाफोर्रूजवळ टेकडीवर जेन्ना मारिया नावाचा नुरागे आहे. ब्राँझयुग संपता संपता तो ओस पडला. मग काही शतकांनी, कार्थेज आणि रोमच्या अमलात, आसपासचे शेतकरी त्या पडक्या बुरुजात जाऊ लागले. बुरूज कोणी बांधला हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी चौकातला ढिगारा हलवला नाही. त्यावरच धान्याची देवी दिमीतर हिचं ठाणं मांडलं, कणसं पिकावीत म्हणून नवस केले आणि दिवे लावले. उत्खननात मातीच्या पणत्यांच्या राशी निघाल्या.

त्या पणत्या आज गावातल्या संग्रहालयात आहेत. संग्रहालयाची इमारत एकोणिसाव्या शतकातली. मुळात ती धान्यपेढी होती. पेरणीच्या दिवसांत नडलेल्या शेतकऱ्याला तिथं बियाण्याचा गहू उसना मिळायचा.