रायफलीत अडकलेली पुंगळी

एनसीसीच्या शिबिरात चेंबूरच्या महाविद्यालयीन मुलामुलींच्या हाती बहुधा पहिल्यांदा येते ती .२२ बोअरची रायफल. एका वेळी एकच गोळी भरायची, झाडायची आणि बोल्ट मागे ओढायचा. रिकामी पुंगळी बाहेर पडते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेही याच बोअरच्या रायफलीने. कधी कधी मात्र बोल्ट मागे येतो आणि पुंगळी आतच राहते. मागे रांग खोळंबलेली असते आणि नवखा नेमबाज चाकूच्या टोकाने ती उपटायला जातो. धोका सुरू होतो तो इथे.

पुंगळी का अडकते?

पुंगळी पितळेची, म्हणजे तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूची असते. गोळी सुटताना आतला दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून अधिक होतो. पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि कुकरच्या रिंगप्रमाणे वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरताच पितळ किंचित आकसते आणि पुंगळी सुटते. चेंबरमध्ये काजळी, मेण किंवा गंज असेल, तर ती सुटत नाही. .२२ च्या रायफलीत आणखी एक कारण आढळते. गोळी न भरता वारंवार चाप ओढल्यास फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खोच पडते. फुगलेले पितळ त्या खोचेत शिरून बसते. पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टरचा आकडा झिजला किंवा मळला असेल, तर तो कडेवरून निसटतो.

पितळाचा एक शत्रू आपल्याच देशातल्या पावसाळ्यात उघड झाला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेने पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना आपोआप भेगा पडत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि घडवताना पितळात राहिलेला ताण यांचा हा एकत्रित परिणाम होता, हे १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवले. खतकारखान्याच्या शेजारी राहणाऱ्या चेंबूरकरांना अमोनिया हे नाव नवे नाही. काडतुसे कोरड्या जागी ठेवावीत आणि पितळ चमकवायला अमोनियायुक्त द्रव वापरू नये, हा त्याचा धडा. चिरलेली पुंगळी चेंबरमध्ये फाटू शकते.

काय करावे?

नळी लक्ष्याच्या दिशेनेच ठेवून हात वर करावा आणि प्रशिक्षकाला बोलवावे. गोळी उडालीच नसेल, तर किमान ३० सेकंद थांबावे. बार उशिरानेही उडू शकतो. आत जिवंत गोळी असल्याची शंका असेल, तर नळीत सळई घालू नये. पुंगळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावर प्रशिक्षक बोल्ट काढून नळीच्या तोंडाकडून सफाईची सळई हलकेच सरकवतो. बहुतेक पुंगळ्या एवढ्याने निघतात. चाकू किंवा स्क्रू-ड्रायव्हरने चेंबरला ओरखडा पडला, की पुढची पुंगळी अधिकच अडकते.

पुंगळी निघाली म्हणजे दुखणे बरे झाले असे नाही. चेंबर ब्रशने साफ करून कोरडे पुसावे. ‘सहज निघावी’ म्हणून तेल लावून गोळी झाडू नये. पुंगळीची भिंतीवरची पकड सुटून बोल्टवरचा जोर वाढतो. खोच पडली असेल किंवा आकडा झिजला असेल, तर रायफल आर्मररकडेच द्यावी.

डोळे आणि हात

पुंगळी फाटली तर तप्त वायू आणि पितळेचे कण मागे, थेट चेहऱ्याकडे येतात. म्हणून संरक्षक चष्मा हवाच. डोळ्यात कण रुतल्यास चोळू नये, स्वतः काढू नये. कागदी कप उपडा धरून डोळा झाकावा आणि तडक नेत्ररुग्णालय गाठावे.

दुसरा धोका दिसत नाही. .२२ च्या गोळीत आणि बहुतेक काडतुसांच्या पेटवण मसाल्यात शिसे असते. पुंगळ्या वेचताना, चेंबर पुसताना ते हाताला लागते आणि वडापावबरोबर पोटात जाते. शिसे मेंदू, रक्त आणि मूत्रपिंडांना घातक आहे. लहान मुले आणि गर्भवतींना अधिकच. सरावानंतर काही खाण्याआधी साबणाने हात धुवावेत आणि ते कपडे वेगळे धुवावेत. वेचलेल्या पुंगळ्या आठवण म्हणून घरी आणून धाकट्या भावंडांच्या हाती खेळायला देऊ नयेत.